हंस्लेट ऑस्टेरिटी

हंस्लेट ऑस्टेरिटी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्यासाठी तयार करण्यात आलेले, यार्डातील शंटिंगच्या कामाचे वाफेचे इंजिन होय. त्याचा आराखडा इंग्लंडमधील लीड्स शहरातील हंस्लेट इंजिन कंपनीने केला. १९४३ ते १९६४ या काळात त्या एकाच आराखड्यावरून ४८५ इंजिने बांधली गेली. युद्धाच्या धामधुमीत किमान दोन वर्षे कष्टाचे काम सोसावे, एवढीच या इंजिनाकडून अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही इंजिने कोळशाच्या खाणींवर १९८०च्या दशकापर्यंत राबत राहिली आणि सुमारे ७० इंजिने आज जतन केलेल्या अवस्थेत आहेत. ब्रिटनमधील हौशी रेल्वेप्रेमींनी चालवलेल्या वारसा-रेल्वेमार्गांच्या उभारणीत या ओबडधोबड दिसणाऱ्या इंजिनाचा वाटा अनेक नामांकित एक्सप्रेस इंजिनांपेक्षा मोठा आहे.

नाव आणि वर्गीकरण

‘ऑस्टेरिटी’ या शब्दाचा अर्थ काटकसर असा आहे. युद्धकाळात ब्रिटनमध्ये कपडे, लाकडी सामान, यंत्रे अशा सर्वच वस्तूंच्या निर्मितीवर काटकसरीचे निर्बंध होते. त्या निर्बंधांत बसणाऱ्या, अनावश्यक कलाकुसर वगळलेल्या रेल्वे इंजिनांनाही हेच विशेषण लागले. त्यामुळे ‘ऑस्टेरिटी’ म्हणून ओळखली जाणारी इंजिने एकाहून अधिक प्रकारची आहेत. सैन्यासाठी बांधलेली लांब पल्ल्याची २-८-० आणि २-१०-० मालगाडी इंजिनेही याच नावाने ओळखली जातात. प्रस्तुत लेख केवळ हंस्लेटच्या शंटिंग इंजिनाविषयी आहे.

चाकांच्या मांडणीवरून हे ०-६-० प्रकारात मोडते. पुढे व मागे आधाराची लहान चाके नाहीत. मधली सहाही चाके जोडदांड्यांनी एकमेकांशी जोडलेली असून ती सर्व इंजिनाच्या शक्तीने फिरतात. पाण्याची टाकी घोड्यावर खोगीर टाकावे तशी बॉयलरच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरलेली असते. अशा टाकीला इंग्रजीत ‘सॅडल टँक’ म्हणतात. मराठीत तिला खोगीर-टाकी म्हणता येईल.

पार्श्वभूमी

युरोपच्या भूमीवर मित्रराष्ट्रांच्या फौजा उतरवायच्या, तर बंदरे, दारूगोळ्याची कोठारे आणि उद्ध्वस्त झालेली रेल्वे यार्डे हाती येताच तेथे मालवाघिणी हलवण्यासाठी शेकडो लहान इंजिने लागणार, हे १९४२ साली ब्रिटिश पुरवठा मंत्रालयाला स्पष्ट दिसत होते. मंत्रालयात रेल्वे सामग्रीची जबाबदारी रॉबर्ट रिडल्स यांच्याकडे होती. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेची प्रमाणित वाफेची इंजिने ज्यांच्या देखरेखीखाली घडली, ते हेच रिडल्स. सुरुवातीचा विचार एलएमएस रेल्वेचे ‘जिंटी’ या लाडक्या नावाने ओळखले जाणारे ०-६-० इंजिन मोठ्या संख्येने बांधण्याचा होता. त्या जातीची ४२२ इंजिने आधीच कामावर असल्याने तिची पारख झालेली होती.

हंस्लेट कंपनीने याला हरकत घेतली. जिंटी हे रेल्वे कंपनीच्या सुसज्ज कार्यशाळांच्या भरवशावर रचलेले इंजिन होते आणि ते बांधायलाही वेळ लागे. कंपनीचे प्रमुख एडगर अ‍ॅल्कॉक यांनी, पोलाद कारखान्यांसाठी आपण बांधत असलेल्या औद्योगिक इंजिनाचाच आराखडा सोपा करून वापरावा, असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १८६४ साली स्थापन झालेल्या या कंपनीला खाणी, गोद्या आणि कारखान्यांतील इंजिने बांधण्याचा दीर्घ अनुभव होता. अशा ठिकाणी रूळ खराब, वळणे तीव्र, पाणी कसेही आणि देखभाल जेमतेम असते. युद्धक्षेत्रातील परिस्थिती याहून फार निराळी नसणार, हा तर्क योग्य ठरला. १९४३च्या प्रारंभी पहिले इंजिन वाफेवर उभे राहिले.

मागणी एका कारखान्याच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून किल्मारनॉकची अँड्र्यू बार्कले, स्टॅफर्डची बॅग्नॉल, लीड्समधीलच हडस्वेल क्लार्क, न्यूकॅसलची रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्स आणि न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री या पाच कंपन्यांनाही काम वाटून देण्यात आले. युद्धोत्तर काळात शेफील्डच्या यॉर्कशायर इंजिन कंपनीनेही काही इंजिने बांधली. आराखडा एकच असल्याने एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या इंजिनाला बसत असे. या गोष्टीचे मोल बांधणाऱ्यांपेक्षा पुढच्या पिढ्यांना अधिक कळले.

रचना

इंजिनाला दोन सिलिंडर असून ते चौकटीच्या आत, दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये बसवलेले आहेत. सिलिंडरचा व्यास १८ इंच (४५७ मिमी) आणि दट्ट्याचा पल्ला २६ इंच (६६० मिमी) आहे. चाकांचा व्यास ४ फूट ३ इंच (१,२९५ मिमी), बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला १७० पौंड आणि कामाच्या स्थितीतील वजन सुमारे ४९ टन आहे. टाकीत १,२०० गॅलन, म्हणजे सुमारे ५,४५० लिटर पाणी आणि मागील कप्प्यात सव्वादोन टन कोळसा मावतो. रुळांमधील अंतर १,४३५ मिमी, म्हणजे प्रमाण गेजचे आहे. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजपेक्षा (१,६७६ मिमी) ते अरुंद असून मुंबई व पुणे मेट्रोचे रूळ याच मापाचे आहेत.

या आकड्यांमागचा विचार जिंटीशी तुलना केल्यास ध्यानात येतो. दोन्ही इंजिनांचे सिलिंडर सारख्याच मापाचे आहेत. जिंटीची चाके मात्र ४ फूट ७ इंचांची आणि बॉयलरचा दाब १६० पौंड आहे. चाक लहान केले की वेग घटतो, पण ओढ वाढते. दाब वाढवला की ती आणखी वाढते. त्यामुळे जिंटीची गणिती ओढ २०,८३० पौंड भरते, तर ऑस्टेरिटीची २३,८७० पौंड. शंटिंगच्या इंजिनाला ताशी शंभर किलोमीटर धावायचे नसते. थांबलेली जड रांग जागची हलवायची, शंभर-दोनशे मीटर न्यायची, थांबवायची आणि पुन्हा उलट दिशेने तेच करायचे, असे त्याचे काम दिवसभर चालते.

खोगीर-टाकीचा लाभ दुहेरी आहे. पाण्याचे सर्व वजन चाकांवर पडत असल्याने रुळांवरील पकड वाढते. तसेच टाकी वर असल्यामुळे चौकटीतील यंत्रणेपर्यंत तेल घालण्यासाठी व दुरुस्तीसाठी हात पोहोचू शकतो. बाजूच्या टाक्या असलेल्या इंजिनात ही सोय तितकी नसते. तोटाही आहे. बॉयलरला बिलगलेल्या टाकीतील पाणी तापते आणि पाणी फार तापले, की ते बॉयलरमध्ये ढकलणारा इंजेक्टर नीट काम करीनासा होतो. ऑस्टेरिटीची टाकी पुढच्या धूम्रपेटीच्या अलीकडेच थांबते. म्हणून समोरून पाहताना धूम्रपेटी पुढे डोकावल्यासारखी दिसते आणि तीच या जातीची ओळखण्याची खूण आहे.

काटकसर प्रामुख्याने कारागिरीत होती. घडाईचे किचकट भाग टाळून ओतीव व जोडकामाचे भाग वापरण्यात आले आणि दिसण्यासाठी म्हणून काही ठेवले गेले नाही. तथापि बॉयलर, चौकट आणि बेअरिंगे यांत हात आखडता घेतलेला नव्हता. इंजिन दोन वर्षांऐवजी चाळीस वर्षे टिकले, ते यामुळेच.

सैन्यातील सेवा

१९४३ ते १९४७ या काळात ब्रिटिश युद्ध विभागाच्या मागणीनुसार ३७७ इंजिने बांधण्यात आली. प्रारंभी ती ब्रिटनमधील लष्करी कोठारांत, बंदरांत आणि खाणींत वापरली गेली. युरोपवरील स्वारीच्या तयारीत सैन्याच्या सर्व इंजिनांच्या क्रमांकांत ७०,००० मिळवण्यात आले आणि त्यामुळे या इंजिनांचे क्रमांक पाच अंकी झाले. जून १९४४च्या नॉर्मंडीवरील स्वारीनंतर बरीच इंजिने फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये पोहोचली. सहा इंजिने उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियात गेली.

युद्ध संपल्यावर सैन्याने बहुतेक इंजिने विकली, काही ठेवली आणि १९५२-५३ मध्ये आणखी १४ नवी मागवली. ही चौदा इंजिने पुढे जतनाच्या इतिहासात वारंवार भेटतात, कारण सैन्यात त्यांना काम थोडे आणि निगा भरपूर मिळाली. हँपशायरमधील लाँगमूर येथे रॉयल इंजिनिअर्स दलाचा स्वतंत्र प्रशिक्षण रेल्वेमार्ग होता. तेथे सैनिकांना इंजिन चालवण्यापासून रूळ टाकण्यापर्यंतचे शिक्षण दिले जाई. तेथील १९६ क्रमांकाचे ‘एरल लॉन्सडेल’ हे इंजिन ‘द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी’ (१९६६) या विनोदी चित्रपटातही दिसते. लाँगमूरचा मार्ग १९६९ साली बंद झाला.

रेल्वे कंपन्यांकडील सेवा

१९४६ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ७५ इंजिने विकत घेऊन त्यांना ‘जे ९४’ हा वर्ग दिला. १९४८च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती ब्रिटिश रेल्वेकडे आली आणि त्यांना ६८००६ ते ६८०८० हे क्रमांक मिळाले. नेदरलँड्सच्या सरकारी रेल्वेने २७ इंजिने घेतली. ती तेथे ८८०० या मालिकेत मोडत.

जे ९४ इंजिनांपैकी बहुतेक ईशान्य इंग्लंडच्या यार्डांत गाजावाजा न होता झिजली. याला लक्षणीय अपवाद डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड अँड हाय पीक या डोंगरी मालमार्गाचा आहे. या मार्गावरील हॉप्टन येथील चढ १४ फुटांमागे १ फूट इतका तीव्र होता. दोराच्या वा दंतचक्राच्या साहाय्याशिवाय साध्या इंजिनाने चढायचा ब्रिटनमधील हा सर्वांत तीव्र चढ. पायथ्याच्या सपाटीवर जमेल तेवढा वेग घेऊन इंजिने त्या चढावर अक्षरशः धाव घेत. वेग अपुरा पडला, तर मागे येऊन पुन्हा प्रयत्न करावा लागे, नाहीतर वाघिणी कमी कराव्या लागत. एप्रिल १९६७ मध्ये ६८००६ आणि ६८०१२ या दोन इंजिनांनी या मार्गाची अखेरची निरोपाची गाडी ओढली. त्याच वर्षी मार्ग व जे ९४ वर्ग, दोन्ही संपुष्टात आले. त्या जागी आता पायी व सायकलने फिरणाऱ्यांसाठी वाट आहे.

खाणींवरील काम

या इंजिनाचे खरे आयुष्य कोळशाच्या खाणींवर गेले. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधील खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आल्या, तेव्हा मंडळाला शेकडो कंपन्यांची नाना जातींची जुनी इंजिने वारशाने मिळाली. सैन्याने विक्रीला काढलेली ऑस्टेरिटी इंजिने जवळजवळ नवी आणि एकाच जातीची होती. मंडळाने ती मोठ्या प्रमाणावर घेतली, इतकेच नव्हे, तर पुढे हंस्लेटकडून थेट नवीही मागवली.

खाणीवरील दिवस ठरलेला असे. मुख्य मार्गावरून आलेल्या रिकाम्या वाघिणी घेऊन त्या चाळण्यांखाली सारायच्या, भरल्या की वजनकाट्यावर न्यायच्या, प्रतीनुसार रांगा लावायच्या आणि ब्रिटिश रेल्वेचे इंजिन येऊन घेऊन जाईल तेथे उभ्या करायच्या. याखेरीज खाणीतून निघालेली दगडमाती टेकाडावर नेऊन ओतण्याचे काम असे आणि या टेकाडांवर जाणारे रूळ बहुधा कसेतरी टाकलेले असत. इंजिन वळणावर कण्हत असे, कधी रुळांवरून उतरे. पुन्हा वर चढवले की काम पुढे सुरू होई. पाण्याच्या प्रतीबद्दल तक्रार करण्याची सोय नव्हती आणि कोळसाही बाजारात न खपणारा, भुकटीचा किंवा राखट असे.

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचे युग संपले. खाणींवर मात्र ते आणखी दीड दशक चालू राहिले. यात भावनेचा भाग नव्हता. इंधन दारातच होते, इंजिनांची किंमत केव्हाच वसूल झालेली होती, दुरुस्ती करणारे हात खाणीच्या कार्यशाळेत होते आणि बंद होणाऱ्या शेजारच्या खाणीवरून सुटे भाग फुकट मिळत होते. डिझेल इंजिनासाठी वेगळी गुंतवणूक लागणार होती, तीही खाण आणखी किती वर्षे चालेल याची शाश्वती नसताना.

१९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुराचा प्रश्न पुढे आला. हंस्लेटने त्यावर उपाय म्हणून भट्टीच्या तळातून कोळसा भरणारी यांत्रिक सोय आणि सुधारित धुराडे तयार केले. भट्टीत वरून हवा सोडून कोळशातून निघणारा वायूही जाळायचा, अशी ही योजना होती. काही नवी इंजिने अशी बांधली गेली आणि काही जुनी तशी बदलण्यात आली. निमुळत्या धुराड्यावरून ती ओळखता येतात. काही खाणींवर ऑस्ट्रियन अभियंता अडॉल्फ गिझल-गिझलिंगन यांचे चपटे, लांबट धुराडेही बसवण्यात आले. त्यामुळे इंजिनाचे रूप विद्रूप होते अशी टीका शौकीन करीत, पण कोळसा वाचतो हे फायरमनना मान्य होते.

मार्च १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन ‘इव्हनिंग स्टार’ कारखान्यातून बाहेर पडले. हंस्लेटमध्ये ऑस्टेरिटीची बांधणी त्यानंतरही चार वर्षे चालू होती. १९६४ साली बांधलेले ३८९० क्रमांकाचे इंजिन हे ब्रिटनमधील उद्योगासाठी बांधलेले शेवटचे प्रमाण-गेज वाफेचे इंजिन ठरले. कंपनीने यानंतर १९७१ साली जावा बेटावरील साखर कारखान्यासाठी एक अरुंद गेजचे इंजिन बांधले आणि तिचा वाफेचा इतिहास तेथे थांबला.

खाणींवरील शंटिंगचे काम दोन कारणांनी गेले. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून वीजकेंद्रांसाठी न थांबता भरणाऱ्या व रित्या होणाऱ्या अखंड गाड्या सुरू झाल्या, त्यामुळे वाघिणी एकेक करून जुळवण्याची गरजच उरली नाही. आणि खाणी बंद होत गेल्या. १९८४-८५च्या खाण कामगारांच्या दीर्घ संपानंतर हा वेग फार वाढला.

जतन

ब्रिटनमध्ये प्रमाण-गेजचा एखादा मार्ग हौशी मंडळींनी ताब्यात घेऊन चालवण्याची सुरुवात १९६० साली झाली आणि तीही ऑस्टेरिटीच्या जन्मगावी. लीड्समधील मिडलटन रेल्वे हा तो मार्ग हंस्लेट भागातूनच जातो. त्यानंतर देशभर अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांना पहिल्या दिवशी लागणारी गोष्ट म्हणजे चालू स्थितीतले, स्वस्त आणि अर्धशिक्षित हातांनी सांभाळता येईल असे इंजिन.

ब्रिटिश रेल्वेची जतन झालेली अनेक इंजिने वेल्समधील बॅरी येथील भंगार आवारातून आली. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभी राहिलेली, पितळी भाग काढून घेतलेली ती इंजिने पुन्हा चालू करायला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागली. ऑस्टेरिटीची गोष्ट वेगळी होती. काल खाणीवर काम करणारे इंजिन मालवाहू मोटारीवर चढवून आणले, रंग दिला आणि थोड्याच काळात प्रवासी गाडीला जोडले, असे अनेकदा घडले. मोठी इंजिने कार्यशाळेत सुटी पडलेली असताना गाड्या चालवून तिकिटांचे पैसे मिळवून देण्याचे काम या लहान इंजिनांनी केले. त्या पैशावरच मोठ्या इंजिनांची दुरुस्ती झाली. वारसा-रेल्वेंच्या माहितीपत्रकांवर झळकण्याचा मान मात्र त्यांना क्वचितच मिळाला.

केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वे हे याचे चांगले उदाहरण आहे. १९७४ साली पुन्हा सुरू झालेल्या या हलक्या बांधणीच्या मार्गावर जड इंजिने चालत नाहीत आणि टेंटरडेनपाशी चढही आहे. तेथे सैन्याकडून आलेली ऑस्टेरिटी इंजिने चपखल बसली. त्यांपैकी एकाला या मार्गाचे मूळ प्रवर्तक होल्मन स्टीफन्स यांचे नाव आहे, तर दुसऱ्याला मार्गावरील ‘नॉर्दिअम’ स्थानकाचे. स्टॅफर्डशायरमधील फॉक्सफील्ड रेल्वे हा तर मूळचा खाणीचाच मार्ग. तेथील चढ १९ फुटांमागे १ फूट इतका आहे. ‘व्हिस्टन’ आणि ‘विंबलबरी’ ही खाणींवरून आलेली इंजिने तेथे आहेत आणि मालवाघिणींची रांग घेऊन असे इंजिन तो चढ चढताना पाहणे म्हणजे खाणीवरील जुना दिवस पाहणे होय. आइल ऑफ वाइट बेटावरील वारसा-रेल्वेवर ‘वॅगनर’ आणि ‘रॉयल इंजिनिअर’ ही सैन्याची दोन इंजिने आहेत. ‘एरल लॉन्सडेल’ बेल्जियममधील माल्डेगेम येथे गेले. वर उल्लेखिलेले ३८९० हे शेवटचे इंजिन बकिंगहॅमशायर रेल्वे केंद्रात आहे. ब्रिटिश रेल्वेच्या ७५ जे ९४ इंजिनांपैकी मात्र ६८०७७ आणि ६८०७८ ही दोनच वाचली.

प्रवासी गाडी ओढणे हे या इंजिनाचे मूळ काम नव्हे, ही अडचण सर्वत्र आली. डब्यांना लागणारी निर्वात ब्रेकची यंत्रणा आणि हिवाळ्यात डबे उबदार ठेवण्यासाठी वाफेची नळी अनेक इंजिनांना नव्याने बसवावी लागली. लहान चाके आणि चाकांमधील कमी अंतर यांमुळे वेग वाढताच इंजिन डोलते. त्यात सव्वादोन टन कोळसा लांबच्या फेऱ्यांना पुरत नाही. मार्ग लांबले, गाड्यांचे डबे वाढले, तसतशी अनेक संस्थांनी मोठी इंजिने पुढे आणली आणि ऑस्टेरिटी मागच्या रुळांवर उभी राहिली. वारसा-मार्गांवर बॉयलरची साधारण दर दहा वर्षांनी संपूर्ण तपासणी व दुरुस्ती करावी लागते. तिचा खर्च इंजिन लहान असले तरी लहान नसतो. ज्या संस्थेकडे दोनच इंजिनांपुरता निधी आहे, ती तो कोणत्या इंजिनांवर खर्च करते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

वेशांतर आणि ओळखीचा प्रश्न

रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री यांच्या बालकथांतील ‘थॉमस’ हे निळे इंजिन लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या ई २ या वर्गावर बेतलेले आहे. त्या वर्गाचे एकही इंजिन शिल्लक नाही. मुलांसाठी खराखुरा थॉमस उभा करायचा, तर दुसऱ्या कोणाला तरी त्याचे सोंग देणे भाग होते. मिड हँट्स रेल्वेने ३७८१ क्रमांकाच्या ऑस्टेरिटीची खोगीर-टाकी काढून बाजूला टाक्या लावल्या, निळा रंग दिला आणि पुढे चेहरा बसवला. इतिहासाच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांचा आक्षेप गैर म्हणता येत नाही, पण तो अपुरा आहे. थॉमसच्या दिवशी येणाऱ्या कुटुंबांच्या तिकिटांवर कित्येक वारसा-मार्गांचे वर्षाचे गणित जुळते आणि थॉमस झालेले इंजिन भंगारात जात नाही. डीन फॉरेस्ट रेल्वेवरील ३८०६ क्रमांकाच्या इंजिनाच्या वाट्याला याच्या नेमके उलट भाग्य आले. त्याला ऑड्री यांच्याच नावावरून ‘विल्बर्ट’ हे नाव मिळाले आणि १९९४ साली ऑड्रींचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी लिहिलेल्या पुस्तकात ते स्वतःच्याच रूपात पात्र म्हणून आले.

क्रमांकांची अदलाबदल हा अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. जी इंजिने कधीच ब्रिटिश रेल्वेकडे नव्हती, त्यांनाही जे ९४चे काळे रूप आणि क्रमांक देऊन चालवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. शिवाय १९६०च्या दशकात हंस्लेटने काही जुनी युद्धकालीन इंजिने परत घेऊन, पूर्ण नव्याने बांधून, त्यांवर नवा कारखाना-क्रमांक घातला. अशा इंजिनाला १९४३चे म्हणावे की १९६२चे? खाणींच्या कार्यशाळांत तर एकाचा बॉयलर दुसऱ्याच्या चौकटीवर आणि तिसऱ्याची टाकी त्यावर असे सर्रास होई. सर्वसाधारण संकेत चौकटीवरून ओळख ठरवण्याचा आहे. तरीही, एखाद्या इंजिनाच्या फलकावरील साल वाचताना वाचकाने हा तपशील ध्यानात ठेवावा. जातीचे वैशिष्ट्य सुट्या भागांची अदलाबदल हेच असल्यामुळे, यात कोणी फसवणूक केली असे मानण्याचे कारण नाही.

इंधनाचा प्रश्न

ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशायरमधील केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. दक्षिण वेल्समधील फॉस-इ-फ्रान या उघड्या खाणीतील उत्पादनही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी थांबले. या खाणीचा कोळसा वाफेच्या इंजिनांना विशेष मानवत असे. आता वारसा-मार्गांना परदेशातून आणलेल्या कोळशावर अवलंबून राहावे लागते. तो महाग पडतो आणि त्याची प्रतही दर खेपेला सारखी नसते. कोळशाची भुकटी व इतर ज्वलनशील द्रव्ये एकत्र दाबून केलेल्या अंडाकृती विटांचे प्रयोग बऱ्याच मार्गांवर चालू आहेत. मोठ्या एक्सप्रेस इंजिनांच्या भट्ट्यांना या विटा कितपत मानवतात, यावर मतभेद आहेत. खाणीवर मिळेल तो कोळसा जाळण्यासाठी रचलेल्या ऑस्टेरिटीच्या भट्टीला इंधनाचा बदल तुलनेने सोसतो.